मोहल्ल्याची वही

भिवंडीतल्या माणसाला झोप लागते ती आवाजात. रात्रपाळीचे माग खडखडत असतात आणि त्या खडखडाटात आमची पोरं गाढ झोपलेली असतात. आवाज थांबला की जाग येते. १९८४ सालच्या मे महिन्यात मला अशीच मध्यरात्री जाग आली. दिवे चालू होते, म्हणजे वीज गेलेली नव्हती. तरी माग बंद होते. अब्बा खिडकीशी उभे होते. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो.

गावात दंगल सुरू झाली होती. आमच्या गल्लीत मात्र अजून काहीच झालेलं नव्हतं. आमची गल्ली मिश्र वस्तीची. आम्ही कोकणी मुसलमान, समोर उत्तरेकडून आलेली अन्सारी मंडळी, टोकाला दोन-तीन आगरी घरं आणि आमच्या भिंतीला भिंत लावून एक तेलुगू विणकराचं कुटुंब. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची. अण्णांचे चार माग होते. माझ्या अम्मीचं आणि अण्णांच्या बायकोचं मराठी दोघींच्या पद्धतीने मोडकं होतं, पण त्यांची रोजची देवघेव त्याच मराठीतून चालायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. कुणीतरी पळत आलं आणि म्हणालं, नदीच्या बाजूने शेकडो माणसं येताहेत. मी काही पाहिलेलं नव्हतं. तरीही मी गल्लीभर ओरडत धावलो, "आले, आले!" कोण आले, कुठले, कशासाठी, हे मला ठाऊक नव्हतं. दारं धडाधड बंद झाली. त्या रात्री अण्णांनी एक टेम्पो मिळवला, बायकोमुलं आणि दोन ट्रंका त्यात घातल्या आणि ते पद्मानगरला आपल्या माणसांत निघून गेले. नंतर मागही हलवले. ते घर त्यांनी विकलं.

नदीच्या बाजूने कुणी आलेलं नव्हतं. आमच्या गल्लीत त्या दंगलीत एक काचही फुटली नाही. गल्ली फुटली ती माझ्या ओरडण्याने.

मित्रहो, शेजाऱ्यांनी एकत्र येऊन आपली वस्ती सुरक्षित कशी ठेवावी, या विषयावर मला बोलायला सांगितलं आहे. मी पोलीस अधिकारी नाही की समाजशास्त्राचा अभ्यासक नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण या विषयात भिवंडीने काही करून दाखवलं आहे आणि त्याची वही काही काळ माझ्या हातात होती. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

आमच्या गावाची दंगलीशी ओळख १९८४ च्याही आधीची. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल झाली. ती जळगाव आणि महाडपर्यंत पोचली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. भिवंडीचा माणूस बाहेरगावी गेला आणि गावाचं नाव सांगितलं, की समोरचा जरा मागे सरकायचा. अशा गावात शांतता समिती नव्हती असं कुणी समजू नये. होती, चांगली भरभक्कम होती. तिच्यात नगरसेवक होते, मागवाले शेठ होते, मशिदींचे आणि मंडळांचे पदाधिकारी होते. सणाच्या आधी किंवा ताण वाढला की तिची बैठक बोलावली जाई. भाषणं होत, चहा होई, फोटो निघे. त्यातल्या पुष्कळांना आमची गल्ली कुठे आहे हे ठाऊक नव्हतं आणि आम्हाला त्यांचा चेहरा फक्त निवडणुकीत दिसायचा. आग लागल्यावर विहीर खणायला बसायचं, तशातला तो प्रकार.

१९८८ साली सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी हे उलटं केलं. गावाचे मोहल्ले पाडून प्रत्येक मोहल्ल्याची वेगळी समिती केली. सत्तरच्या आसपास समित्या झाल्या. तिथे राहणाऱ्यांनाच सभासद करायचं, हिंदू आणि मुसलमान सारख्या संख्येने घ्यायचे, ज्याच्यावर गुन्हे आहेत किंवा जो उघडउघड जातीय तेढीची भाषा करतो त्याला बाहेर ठेवायचं आणि प्रत्येक समितीशी एक ठरावीक पोलीस जोडून द्यायचा. मुख्य गोष्ट अशी, की बैठक नेमाने घ्यायची. काही घडलेलं नसताना घ्यायची.

त्यामागचा विचार साधा होता. दंगल वरून पेटवणारे पेटवतात, पण ती पेटते खालच्या किरकोळ भांडणांवर. नळावरची भांडणं, गटाराची, भाड्याची, पोरांच्या मारामारीची. अशा भांडणांची दाद कुठे लागली नाही की ती साठत जातात आणि एके दिवशी त्यांना धर्माचं नाव मिळतं. पुढे खोपडे यांनी या कामावर 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' या नावाचं पुस्तकही लिहिलं.

आमच्या मोहल्ल्यात समिती झाली तेव्हा वही लिहायला मुलगा हवा होता. अन्सारी चाचा उर्दू लिहीत, आगऱ्यांचे तात्या सहीपुरतं लिहीत. मी कॉलेजात जात होतो आणि माझं अक्षर बरं होतं. अब्बांना ते पसंत नव्हतं. "पोलिसांच्या वहीत नाव असलेलं कधी चांगलं नसतं," ते म्हणाले. त्यांच्या पिढीचा अनुभवच तसा होता. पण पहिल्या बैठकीला जो हवालदार आला, त्याने चप्पल बाहेर काढली, सतरंजीवर बसला आणि विचारलं, "इथे रात्री दिवा कुठे कुठे लागत नाही?" हे मी घरी येऊन सांगितलं. पुढच्या बैठकीला अब्बा स्वतः येऊन मागे बसले.

ती वही आज माझ्याजवळ नाही, पण तिच्यात काय होतं ते मला चांगलं आठवतं. वाचणाऱ्याला कंटाळा यावा अशी होती. गटार तुंबलं. सायझिंगचं गरम पाणी रस्त्यावर सोडतात. मशिदीजवळच्या वळणावर टेम्पो उभे राहतात. गणपतीची वर्गणी मागताना पोरं आडवी येतात. बकरी ईदनंतर कातडी वेळेवर उचलली जात नाही, वास येतो. शाळा सुटताना कोपऱ्यावर टोळकं उभं असतं, मुलींना त्रास होतो. हे शेवटचं एका मावशींनी मांडलं तेव्हा सगळे पुरुष खाली बघू लागले, कारण त्या टोळक्यात दोन्ही बाजूंची पोरं होती आणि त्यांचे बाप तिथेच बसलेले होते. हवालदाराने एक शब्द काढला नाही. बापांनीच आपसांत ठरवलं आणि कोपरा मोकळा झाला.

दंगल हा शब्द त्या वहीत फारसा आलाच नाही. गंमत म्हणा किंवा काही म्हणा, आम्ही दंगलीविरुद्ध जमलो होतो आणि बोलत होतो गटारावर. मला तेव्हा ते हास्यास्पद वाटायचं. मी कवी होऊ घातलेला होतो, मला भाईचाऱ्यावर काही भव्य हवं होतं. एकदा मी बैठकीच्या शेवटी कविता वाचू का असं विचारलं. तात्या म्हणाले, "वाच की, पण आधी नळाचा अर्ज लिहून दे." अर्ज लिहून होईपर्यंत लोक उठून गेले होते. आज मला तात्यांचंच बरोबर वाटतं.

गटारावर बोलताना माणसाला माणसाची ओळख होते. कोण तापट, कोण समजूतदार, कोण बोलतो पण करत नाही, कुणाचा शब्द त्याच्या पोरांत चालतो, हे कळतं. संकटाच्या वेळी कुणाच्या दारावर थाप मारायची हे आधी ठाऊक असतं. माणूस अनोळखी जमावाला घाबरतो. ज्याच्याशी परवा टेम्पोवरून भांडलो त्याला घाबरत नाही.

६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत दंगल उसळली आणि जानेवारीत पुन्हा उसळली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे त्या दोन फेऱ्यांत ९०० माणसं मेली. मुंबई आमच्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर. आमच्या गावातल्या निम्म्या घरांचे नातेवाईक तिथे. दोनदा होरपळलेली भिवंडी तिसऱ्यांदा पेटणार यात कुणाला शंका नव्हती. ती पेटली नाही.

त्या दिवसांतली एक संध्याकाळ सांगतो. निरोप आला, की नाक्याच्या पलीकडे दोन-अडीचशे माणसं जमली आहेत आणि त्यांच्या हातात चमकतंय. चमकतंय म्हणजे तलवारी, हे सांगायची गरज नव्हती. निरोप आणणारा पोरगा तेरा-चौदा वर्षांचा होता. मी त्याचा दंड धरला. माझा हात कापत होता, हे मी कबूल करतो. आमच्या समितीत एक नियम ठरला होता: ऐकलेलं पुढे सांगायचं नाही, ज्या जागेबद्दल ऐकलं त्या जागेवरच्या माणसाला विचारायचं. तेव्हा फोन थोडे होते. आमच्या बाजूला औषधाच्या दुकानात एक, पलीकडे एका सायझिंगच्या ऑफिसात एक. वहीच्या मागच्या पानावर दोन्ही नंबर लिहिलेले होते. चाचांनी फोन लावला. पलीकडच्या समितीतला गृहस्थ बाहेर जाऊन बघून आला आणि म्हणाला, "चाचा, पाण्याचा टँकर आलाय. लोक हंडे घेऊन उभे आहेत." तिकडेही आमच्याबद्दल काहीतरी ऐकलं होतं, त्याने तेही विचारून घेतलं. चाचा म्हणाले, "इथे आम्ही नऊ जण आहोत आणि एक पोरगा रडतोय."

सगळं समित्यांमुळेच झालं असा दावा मी करणार नाही. त्या वेळचे पोलीस सावध होते. मागवाल्यांनाही पुरतं कळलं होतं की दंगलीत माग बंद पडतात, कामगार गावी पळतो आणि तो परत यायला महिने लागतात. पण सावध पोलिसाला खरी बातमी लागते आणि ती त्याला मोहल्ल्यातूनच मिळत होती.

दंगलीनंतर मुंबईनेही हा मार्ग धरला. १९९४ च्या सुमारास तिथे मोहल्ला कमिटीची चळवळ सुरू झाली. ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे, उद्योगपती एफ. टी. खोराकीवाला आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी ही तिच्यामागची माणसं. जिथे रक्त सांडलं होतं तिथल्या वस्त्यांत त्यांनी बैठका घेतल्या. पुढे पोलीस आणि वस्तीतली पोरं यांचे क्रिकेट सामनेही भरवले. ज्या शिपायाने आपल्याला लाठी मारली त्याला बाउन्सर टाकायला मिळणं, यात काय समाधान असतं ते पोरांना विचारा.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही जाहिरात होईल. अशी समिती एकदा केली की झाली, असं नसतं. अधिकारी बदलतात. नवा अधिकारी आला की त्याच्या डोक्यात त्याची योजना असते. गावात दहा वर्षं काही झालं नाही की लोकांनाही वाटतं, आता कशाला दर पंधरा दिवसांनी बसायचं? आमच्या मोहल्ल्यात आधी मावश्या यायच्या थांबल्या, मग तरुण पोरं, मग चहा फक्त पाच जणांचा यायला लागला आणि त्या पाचांत तिघे निवडणुकीला उभे राहणारे होते. मीही जाणं सोडलं. मुशायरे होते, नोकरी होती; कारणं काय, सापडतातच. जुलै २००६ मध्ये एका पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून गावात वाद चिघळला. गोळीबारात दोन तरुण मेले आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. हिंदू-मुसलमान अशी ती दंगल नव्हती. पोलीस आणि लोक यांच्यातला धागा तुटल्याची ती खूण होती. त्या रात्री मी वहीच्या मागच्या पानावरचे नंबर आठवायचा प्रयत्न केला. एकही आठवला नाही. आठवले असते तरी त्यातले निम्मे लोक हयात नव्हते.

आणखी एक धोका आहे, तो मला जास्त मोठा वाटतो. शेजारी एकत्र आले म्हणजे वस्ती सुरक्षित झाली, हे दर वेळी खरं नसतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवड्याच्या बाजारात लोकांनी पाच जणांना ठार मारलं. मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाईलवरून फिरत होती. १६ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक असे तिघे जमावाच्या हाती सापडून मेले. तिथेही चोर येतात, मुलं पळवतात अशा अफवा होत्या आणि त्या धास्तीने त्या भागात रात्रीचे पहारे सुरू होते. त्या लोकांनाही वाटत होतं, आपण गाव राखतोय.

म्हणून मला कुणी विचारलं की आमच्या सोसायटीत किंवा वाडीत गस्त सुरू करू का, तर मी आधी विचारतो, तुमच्यात अनोळखी माणसाला थांबवल्यावर त्याच्याशी बोलणार कोण? काठी कुणाच्या हातात आहे यापेक्षा ते महत्त्वाचं आहे. गस्त घालायचीच तर ठाण्याला कळवून घाला, चौघांची नावं लिहून द्या, त्यांत एक तरी पांढऱ्या केसांचा असू द्या. संशय आला तर ११२ वर फोन करा आणि त्या माणसाला खुर्ची देऊन, पाणी देऊन बसवा. हात लावू नका. पोलीस यायला वेळ लागतो, हे मला मान्य आहे. तेवढा वेळ बसून राहणं हेच तर रखवालीचं काम आहे.

अफवेचं वाहन बदललं, एवढंच. तेव्हा चौदा वर्षांचा पोरगा धावत यायचा, आता तो घरात बसून बोटाने धावतो. राईनपाड्यासारख्या घटनांनंतर २०१८ मध्येच व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाचही पुष्कळ आहेत. मी एकट्याने अख्खी गल्ली रिकामी केली होती. आमचा नियम मात्र जुना झालेला नाही. ज्या जागेची बातमी आली तिथल्या माणसाला फोन करा. त्यासाठी तिथला एक माणूस तुमच्या ओळखीचा हवा, आणि तो तुमच्या जातीधर्माचाच असेल तर उपयोग निम्मा.

२०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, २८ सप्टेंबरला. दोन्हीकडच्या मिरवणुका एकाच रस्त्याने, एकाच संध्याकाळी निघणार होत्या. मुंबईत खिलाफत कमिटीने आपला जुलूस २९ ला काढायचं ठरवलं. सरकारनेही २९ ची सुटी जाहीर केली. पुढच्या वर्षी पुन्हा दोन्ही दिवस लागून आले तेव्हा मुंबईचा जुलूस १८ सप्टेंबरला निघाला. वर्तमानपत्रांत या बातम्या चार ओळींच्या आल्या. पण पैगंबरसाहेबांच्या जन्मदिवसाचा जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचा, हे घराघरांतल्या तरुण पोरांना पटवणं चार ओळींत होत नाही. ते कुणीतरी आठवडाभर ओट्या-ओट्यावर बसून केलेलं असतं.

त्या सप्टेंबरात आमच्या मोहल्ल्यातही पुष्कळ वर्षांनी बैठक बसली. मी गेलो. सतरंजीच्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. पद्मानगरहून काही मंडळी आली होती. त्यांत अण्णांचा मुलगा होता. आता तोही पन्नाशी ओलांडलेला. माग विकून कापडाचा व्यापार करतो. अधूनमधून आम्ही भेटत आलो आहोत, पण १९८४ चा विषय मी कधी काढला नव्हता. बैठक संपल्यावर चहा घेताना मी त्याला सांगितलं, की त्या संध्याकाळी गल्लीत ओरडत धावलेला मुलगा मी होतो.

तो म्हणाला, "माहीत आहे. अण्णा शेवटपर्यंत सांगायचे. म्हणायचे, पोरगं घाबरलं होतं, त्याला धरून विचारायला पाहिजे होतं. आम्हीही विचारलं नाही."

मग त्याने विचारलं, वही कोण लिहितंय? कुणीच लिहीत नव्हतं. समोरच्या दुकानातून मी शंभर पानी वही आणली आणि पहिल्या पानावर तारीख, हजर असलेल्यांची नावं आणि मिरवणुकीचा रस्ता लिहून घेतला. खाली त्या संध्याकाळचा दुसरा विषय लिहिला: वळणावरच्या गटाराचं झाकण तुटलं आहे.